जुन्या संगणकावर अक्षरांनी रेखाटन: डॉसच्या 'एडिट'मध्ये पट्टी, नकाशा आणि दीपमाळ

कोल्हापुरात जुना संगणक अजून सापडतो. मार्केट यार्डातल्या एखाद्या अडत दुकानात, शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात, नाहीतर गावाकडच्या शाळेत कपाटाशेजारी झाकून ठेवलेला. चित्र काढायचा आजचा कुठलाही प्रोग्राम त्यावर बसत नाही, म्हणून तो भंगारात जायच्या वाटेवर असतो. पण त्या यंत्रावर डॉस, म्हणजे आज्ञा टाइप करून चालवायची जुनी संगणक प्रणाली, चालत असेल, तर चौकटी, तक्ते, साधे नकाशे आणि ठसठशीत चित्रे काढायची सोय त्यात पहिल्यापासून आहे. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही, माऊसही लागत नाही. कीबोर्ड, चौकटीची वही आणि मोजण्याची तयारी एवढे पुरते.

डॉस कधीच न वापरलेल्यांसाठी हे लिहितो आहे. दुकानात वाढलेली मुले, शाळेतले शिक्षक, जुनी यंत्रे चालती ठेवायची आवड असलेले कोणीही हे करू शकतील. संगणकाचे शिक्षण झालेले असावे लागत नाही.

पडदा म्हणजे २००० घरे

डॉसचा नेहमीचा पडदा ८० रकाने आणि २५ ओळींचा असतो. म्हणजे २००० घरे, आणि प्रत्येक घरात एकच अक्षर. इथे हवी तशी रेघ ओढता येत नाही. घरात अक्षर ठेवायचे, शेजारच्या घरात दुसरे ठेवायचे, आणि त्यांच्या ओळीतून रेघ तयार होते. ठिपक्यांच्या रांगोळीत जसे आधी ठिपके मोजून मांडतात आणि मग ते जोडतात, तसेच हे काम आहे. मोजणी चुकली तर शेवटचा कोपरा जुळत नाही.

यासाठी लागणारी अक्षरे १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी बाजारात आणला तेव्हापासून यंत्रातच बसवलेली आहेत. त्या पीसीच्या अक्षरतक्त्यात २५६ जागा होत्या. आज त्याला कोड पेज ४३७ म्हणतात. पहिल्या निम्म्यात इंग्रजी अक्षरे, आकडे आणि विरामचिन्हे. वरच्या निम्म्यात १७६ ते २२३ या ४८ जागा फक्त छटा, रेषा आणि ठोकळे यांना दिलेल्या आहेत. आपले जवळजवळ सगळे काम या ४८ जागांवर चालते.

एक बारकावा मला फार आवडतो. व्हीजीए या जातीच्या, पडदा चालवणाऱ्या कार्डावर एक घर ९ ठिपके रुंद असते, पण अक्षराचा आकार ८ ठिपक्यांचाच असतो. नववा ठिपका मोकळा राहतो, त्यामुळे अक्षरे एकमेकांना चिकटत नाहीत. मग आडवी रेघ तुटायला हवी ना? ती तुटत नाही, कारण १९२ ते २२३ या क्रमांकांच्या अक्षरांसाठी कार्ड आठवा ठिपकाच नवव्या जागी पुन्हा काढते. आडव्या रेषांची चिन्हे याच टप्प्यात आहेत. ज्यांनी हे यंत्र घडवले त्यांनी चौकटी काढणाऱ्यांचा विचार केला होता.

सुरुवातीची जुळणी

कीबोर्डला उजव्या बाजूचा आकड्यांचा वेगळा भाग हवाच. वरच्या ओळीतले आकडे इथे उपयोगी पडत नाहीत. जुन्या लॅपटॉपवर एफएन बटण दाबून मधल्या अक्षरांतून आकडे काढता येतात, पण त्यात बोटे लवकर दमतात. कीबोर्ड बिघडला असेल तर शाहूपुरी किंवा राजारामपुरीकडच्या दुरुस्तीच्या दुकानांत जुन्या मालाची चौकशी करा. जाण्यापूर्वी संगणकाच्या मागचा सॉकेट पाहून घ्या. फार जुन्या यंत्राला पाच पिनांचा मोठा गोल सॉकेट असतो, नंतरच्या यंत्रांना लहान गोल पीएस/२.

आता प्रोग्राम. मायक्रोसॉफ्टने १९९१ साली डॉसच्या पाचव्या आवृत्तीत 'एडिट' दिला. तो आहे मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम, पण वर सांगितलेली सगळी अक्षरे तो घेतो, म्हणून रेखाटनाला चालतो. डॉसच्या पाचव्या आणि सहाव्या आवृत्तीत एडिट स्वतःच्या बळावर चालत नाही, त्याला क्यूबेसिक या डॉसबरोबरच येणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रामची फाइल लागते. जागा वाचवायला कोणी ती पुसून टाकली असेल तर एडिट उघडत नाही आणि कारणही लवकर उमगत नाही, तेव्हा आधी ती फाइल आहे का बघा. विंडोज ९५ पासूनचा एडिट मात्र स्वतंत्र आहे. यंत्रावर डॉसच नसेल तर फ्रीडॉस ही मोफत प्रणाली टाकता येते. तिच्यात तिचा स्वतःचा एडिट असतो.

प्रॉम्प्टवर, म्हणजे डॉस आज्ञेची वाट पाहत थांबतो त्या ओळीवर, ई-डी-आय-टी टाइप करा, एक जागा सोडा, फाइलचे नाव लिहा आणि एंटर दाबा. नाव इंग्रजी अक्षरांत, जास्तीत जास्त आठ अक्षरांचे, पुढे टिंब आणि टीएक्सटी. फाइल आधीपासून नसेल तर कोरे पान उघडते. विंडोज ९५ किंवा ९८ मध्ये डॉसची खिडकी छोटी दिसत असेल तर ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबा, पडदा पूर्ण होतो.

खाली उजव्या कोपऱ्यात दोन आकडे दिसतील: पहिला ओळीचा, दुसरा रकान्याचा. पुढचे सगळे काम या दोन आकड्यांवर नजर ठेवूनच करायचे आहे. नवशिक्यांना मी सांगतो की पहिल्या दिवशी काहीही काढू नका, फक्त बाणांच्या बटणांनी फिरा आणि ते आकडे कसे बदलतात ते बघा.

पहिली चौकट

१. नमलॉक चालू करा.
२. ऑल्ट दाबून धरा. धरलेल्या अवस्थेतच उजव्या बाजूच्या आकड्यांवर २, १, ८ दाबा. आता ऑल्ट सोडा. पडद्यावर डावीकडचा वरचा कोपरा उमटेल: ┌
३. तसेच ऑल्ट धरून १९६ दाबा. आडवी रेघ येईल. असे दहा वेळा करा.
४. ऑल्ट धरून १९१. उजवा कोपरा. एंटर दाबून खालच्या ओळीत या.
५. १७९ ने उभी रेघ, मग दहा वेळा स्पेस, पुन्हा १७९. एंटर.
६. १९२ ने डावा खालचा कोपरा, १९६ दहा वेळा, शेवटी २१७.

┌──────────┐
│          │
└──────────┘

ऑल्ट दाबून आकडे न देताच सोडलेत तर वरचा मेनू जागा होतो. घाबरायचे कारण नाही, एस्केप दाबा.

एकेरी रेषांचे अकरा आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. तक्त्याच्या आकारातच लिहिले की लवकर पाठ होतात:

┌ २१८   ┬ १९४   ┐ १९१
├ १९५   ┼ १९७   ┤ १८०
└ १९२   ┴ १९३   ┘ २१७
─ १९६   │ १७९

दुहेरी रेषांचे असे:

╔ २०१   ╦ २०३   ╗ १८७
╠ २०४   ╬ २०६   ╣ १८५
╚ २००   ╩ २०२   ╝ १८८
═ २०५   ║ १८६

एकेरी आणि दुहेरी रेषा एकमेकींना जोडणारे मिश्र सांधेही तक्त्यात आहेत, पण नवशिक्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. काही यंत्रांवर कोड पेज ४३७ ऐवजी ८५० लावलेले असते. त्यात साध्या एकेरी आणि साध्या दुहेरी रेषा जागच्या जागी राहतात, मिश्र सांध्यांच्या जागी मात्र उच्चारखुणा असलेली युरोपी अक्षरे येतात. आपल्या यंत्रावर काय आहे ते प्रॉम्प्टवर सी-एच-सी-पी टाइप करून कळते.

आणखी एक खबरदारी. कीबोर्डवरच छापलेली जी उभी दांडी असते, ती १२४ क्रमांकाची. दिसायला १७९ सारखीच, पण डॉसच्या आज्ञांमध्ये तिला वेगळा अर्थ आहे. एका आज्ञेचे उत्तर दुसरीकडे पाठवायला ती वापरतात. पुढे कधी बॅच फाइलमध्ये, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेल्या फाइलमध्ये, चौकटीचा मेनू केलात आणि उभ्या रेघेला १२४ वापरलीत, तर डॉस त्या ओळीवर अडेल. उभी रेघ नेहमी १७९ चीच काढा.

गुळाची पट्टी

आता कामाची गोष्ट. शेतकऱ्याने गूळ अडतीला लावला की सौद्यानंतर त्याला हिशेबाची पट्टी मिळते. तिचा कोरा नमुना काढणे हा शिकण्यासाठी सगळ्यात चांगला धडा, कारण त्यात कोपरे, सांधे आणि एकत्र केलेले रकाने असे सगळे एकदम येते. गुळाचा संबंध नसेल तर शाळेचा हजेरीपट घ्या, रीत तीच.

आधी वही. रकाने पाच: तपशील, रवे, वजन, दर, रक्कम. त्यांना अनुक्रमे २४, ६, १०, १० आणि १४ घरे देऊ. बेरीज ६४. उभ्या रेषा सहा, म्हणजे एकूण रुंदी ७०. एडिटच्या खिडकीत कडेच्या चौकटी वजा जाता ७८ रकाने दिसतात, तेव्हा ७० आरामात बसतात. ८० पूर्ण वापरायचा मोह टाळा. ओळ ऐंशीव्या घरापर्यंत भरली की पुढे प्रॉम्प्टवर फाइल दाखवताना प्रत्येक ओळीनंतर एक कोरी ओळ येते आणि उभ्या रेषा तुटक दिसतात.

सहा उभ्या रेषा कुठल्या रकान्यांवर पडतात ते लिहा: १, २६, ३३, ४४, ५५, ७०. हे सहा आकडे म्हणजे पट्टीचा सांगाडा. यापुढे पडद्यावर अंदाजाने काही करायचे नाही.

पहिली ओळ काढताना १९६ चौसष्ट वेळा दाबायची गरज नाही. दहा रेघा काढा. शिफ्ट धरून डाव्या बाणाने त्या निवडा, कंट्रोल आणि इन्सर्ट दाबून नक्कल घ्या, मग कर्सर टोकाला नेऊन शिफ्ट आणि इन्सर्टने हवी तितकी चिकटवा. रेघ ७० रकान्यांपर्यंत पोहोचली की त्या सहा जागांवर जाऊन कोपरे आणि सांधे बसवा.

इथेच नवशिके अडतात. एडिट सुरुवातीला इन्सर्ट पद्धतीत असतो, म्हणजे नवे अक्षर घातले की उजवीकडचे सगळे एक घर पुढे सरकते आणि चौकट फाटते. म्हणून सांधे बसवण्याआधी इन्सर्ट बटण एकदा दाबा. कर्सर बारीक रेघेऐवजी जाड ठोकळा होईल. आता नवे अक्षर जुन्याच्या जागी बसते, काही सरकत नाही. पुसतानाही बॅकस्पेस नको, तो पुढचा मजकूर मागे ओढतो. नको असलेल्या अक्षरावर जाऊन स्पेस दाबा.

पहिली ओळ जमली की पुढचे काम झपाट्याने होते. मधली कोरी ओळ एकदाच काढा. होम दाबून ओळीच्या सुरुवातीला या, शिफ्ट धरून खालचा बाण दाबा, पूर्ण ओळ निवडली जाते. तिची नक्कल घेऊन जितक्या नोंदी हव्यात तितक्या वेळा चिकटवा. जास्त झाल्या तर कंट्रोल आणि वाय दाबून एकेक ओळ काढून टाका. तळाशी 'एकूण' ची ओळ येते, तिथे पहिले चार रकाने एक होतात. त्यामुळे दुभाजक रेघेवर २६, ३३ आणि ४४ या जागी १९३ चा सांधा, आणि ५५ वर १९७ चा पूर्ण फुलीचा. अरुंद करून दाखवतो:

┌────────────┬─────┬───────┬───────┬─────────┐
│            │     │       │       │         │
├────────────┼─────┼───────┼───────┼─────────┤
│            │     │       │       │         │
│            │     │       │       │         │
├────────────┴─────┴───────┴───────┼─────────┤
│                                  │         │
└──────────────────────────────────┴─────────┘

हमाली, तोलाई अशा वजावटी 'एकूण' च्या खाली आणखी ओळी वाढवून दाखवता येतात. कोरा नमुना एका नावाने जपून ठेवा आणि रोजची पट्टी भरताना आधी त्याची कॉपी करून दुसऱ्या नावाने उघडा. नमुन्यातच आकडे भरत बसलात तर तो नमुना राहत नाही.

साठवण्यासाठी ऑल्ट दाबून सोडा, मग एफ, मग एस. बाहेर पडायला ऑल्ट, एफ, एक्स. जुन्या यंत्रावर वीज गेली की साठवले नसेल ते गेलेच समजा. वळवाच्या दिवसांत दर पाच-दहा ओळींनंतर साठवा.

चौरस चौरस दिसत नाही

दहा ओळी आणि दहा रकाने घेऊन चौकट काढलीत तर ती उभट, बारीक दिसते. पडदा ४:३ प्रमाणाचा आणि त्यात ८० रकाने, २५ ओळी, म्हणजे एका घराची उंची रुंदीच्या २.४ पट होते. म्हणून दहा ओळींचा चौरस हवा असेल तर २४ रकाने घ्या.

कागदावर हिशेब वेगळा. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर नेहमीच्या मापात इंचाला १० अक्षरे आणि ६ ओळी छापतो, म्हणजे उंची रुंदीच्या साधारण १.६७ पट. पडद्यावर नेटका दिसणारा २४ रकान्यांचा चौरस कागदावर आडवा पसरतो. तिथे दहा ओळींना १७ रकाने बरोबर बसतात. तक्त्यांमध्ये याने बिघडत नाही, पण चित्रात बिघडते. तेव्हा चित्र पडद्यासाठी आहे की छापण्यासाठी, हे वहीवर पहिली रेघ ओढण्याआधी ठरवा.

नकाशा

पेठांमधल्या वाकड्यातिकड्या गल्ल्या या पद्धतीने हुबेहूब येणार नाहीत, त्याचा आग्रह धरू नका. पाहुण्याला वाट सांगण्यापुरता नकाशा मात्र छान होतो. पश्चिमेकडून पूर्वेकडे जाऊ: रंकाळा, महाद्वार रस्ता, अंबाबाईचे मंदिर, भवानी मंडप, बिंदू चौक. ही पाच ठिकाणे ७८ रकान्यांत डावीकडून उजवीकडे मांडली की सांगाडा तयार.

रंकाळ्याच्या पाण्याला २४७ वापरा, ते ≈ असे दुहेरी लाटेचे चिन्ह आहे. आठ-नऊ ओळींत ते भरले की पाणी लगेच ओळखू येते. मंदिराला दुहेरी रेषांची चौकट द्या आणि तिच्या पश्चिम बाजूला, म्हणजे डाव्या अंगाला, मधोमध एक घर मोकळे सोडा, ते महाद्वार. पश्चिमेचा महाद्वार रस्ता उभ्या दुहेरी रेषेने काढा, बाकीच्या वाटा एकेरी. एकेरी वाट दुहेरी रस्त्याला भिडते तिथे मधे एक घर सोडा, म्हणजे मिश्र सांध्याची गरज पडत नाही आणि डोळा ती फट आपोआप भरून काढतो.

दिशा दाखवायला बाण हवासा वाटेल. तक्त्यात बाण आहेत, २४ ते २७ क्रमांकांवर, पण ते घेऊ नका. ३२ च्या खालचे क्रमांक डॉस आणि प्रिंटर आज्ञा म्हणून वाचतात. उजवीकडचा बाण २६ चा, आणि डॉसला २६ म्हणजे 'फाइल संपली'. नकाशात तो बाण असेल तर फाइल पडद्यावर दाखवणारी टाइप आज्ञा तिथेच थांबते आणि खालचा भाग दिसतच नाही. कीबोर्डवरचे साधे 'पेक्षा मोठे' चिन्ह, >, बाणाचे काम नीट करते.

ठोकळ्यांनी दीपमाळ

रेषांचा हात बसला की छटा आणि ठोकळे घ्या. आकडे आठच आहेत:

░ १७६   ▒ १७७   ▓ १७८   █ २१९
▄ २२०   ▌ २२१   ▐ २२२   ▀ २२३

पहिल्या तीन विरळपासून दाटपर्यंतच्या छटा, चौथा पूर्ण भरलेला. उरलेले चार अर्धे: खालचा, डावा, उजवा, वरचा. खरी ताकद या अर्ध्या ठोकळ्यांत आहे. घर उभे असल्यामुळे त्याचे वरचा-खालचा असे दोन भाग केले की प्रत्येक भाग जवळजवळ चौरस होतो, आणि २५ ओळींच्या जागी ५० ओळींचे काम निघते. (डावा आणि उजवा अर्धा ८५० कोड पेजमध्ये नाहीत, वरचा आणि खालचा आहेत.)

देवळासमोरची दीपमाळ या धड्यासाठी निवडली, कारण ती दोन्ही बाजूंनी सारखी असते. सारख्या आकाराला नियम एकच: प्रत्येक ओळीतली अक्षरे विषम संख्येत घ्या. मग मधले घर सगळ्या ओळींत एकाच रकान्यावर येते. इथे मध्य अकराव्या रकान्यावर आहे.

          ░
          █
        ▄▄█▄▄
         ███
       ▄▄███▄▄
        █████
      ▄▄█████▄▄
       ███████
     ▄▄███████▄▄
      █████████
   ▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓▓
 ▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒▒

कुठल्या रकान्यापासून सुरू करायचे हे काढायला सोपी रीत: ओळीतल्या अक्षरांतून एक वजा करा, निम्मे करा, आणि ते अकरातून वजा करा. नऊ अक्षरांची ओळ असेल तर आठाचे निम्मे चार, अकरातून चार गेले सात. सातव्या रकान्यापासून सुरुवात. मुलांना हे करायला दिले तर विषम संख्येचा उपयोग त्यांना हाताने कळतो. शाळेतले जुने यंत्र एवढ्यासाठी जरी चालू ठेवले तरी सार्थकी लागले असे मी म्हणेन.

दिवे ठेवायचे बाहेर आलेले हात ▄ ने केले आहेत. त्यांच्या टोकांवरच्या घरांत १७६ ची विरळ छटा ठेवून पहा, पणत्या लावल्यासारखे दिसते.

दाखवणे आणि छापणे

प्रॉम्प्टवर टी-वाय-पी-ई आणि फाइलचे नाव दिले की चित्र पडद्यावर येते. ते २३ ओळींपेक्षा मोठे असेल तर वरचा भाग निसटून जातो, म्हणून त्याच मापात बसवा.

छापण्यासाठी समांतर पोर्टचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर सगळ्यात भरवशाचा. कॉपी आज्ञा, फाइलचे नाव आणि शेवटी पी-आर-एन लिहिले की छपाई सुरू. फक्त विंडोजच्या आधाराने चालणारे स्वस्त लेझर आणि इंकजेट प्रिंटर डॉसमधून काही छापत नाहीत, त्यांच्यावर वेळ घालवू नका.

पहिल्याच छपाईत वरच्या रेघेच्या जागी तिरपा झेड, मग तिरप्या डीची रांग आणि शेवटी प्रश्नचिन्ह उमटले, उभ्या रेघांच्या जागी तिरपा ३ आला, तर फाइल बरोबर आहे. प्रिंटर वेगळ्या तक्त्यावर लावलेला आहे. एप्सनच्या पद्धतीच्या प्रिंटरांत वरच्या १२८ जागांसाठी दोन तक्ते असतात, एक इटॅलिक अक्षरांचा आणि एक ग्राफिक चिन्हांचा. इटॅलिक तक्त्यात प्रत्येक जागी १२८ ने कमी क्रमांकाचे अक्षर तिरपे होऊन बसलेले असते. २१८ मधून १२८ गेले ९०, आणि ९० म्हणजे झेड. उपाय सोपा आहे. जुन्या मॉडेलात बारीक स्विच सरकवून आणि नंतरच्या मॉडेलात पुढच्या बटणांनी ग्राफिक तक्ता लावा. कुठले बटण, ते त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असते.

उभ्या रेषेत ओळीओळीला फट पडत असेल तर इंचाला ६ ओळींऐवजी ८ ओळींचे माप लावा, फट कमी होते. आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात कंटिन्युअस कागदाचा गठ्ठा उघडा ठेवू नका. दमट कागद फुगतो, कडेच्या भोकांतून सरकताना अडतो आणि चौकट तिरकी छापली जाते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कोरड्या फळीवर ठेवा.

मराठी अक्षरांचे काय

कोड पेज ४३७ मध्ये देवनागरी नाही. पट्टीच्या रकान्यांत शेतकऱ्याचे नाव, गाव, मालाचा प्रकार हे सगळे इंग्रजी लिपीत लिहावे लागते. डॉसच्या काळात देवनागरीची सोय होती, पुण्याच्या सी-डॅक या संस्थेच्या, संगणकात बसवायच्या जिस्ट कार्डामुळे. भारतीय लिप्यांसाठी ठरलेला इस्की हा तक्ताही १९९१ मध्ये प्रमाणित झाला. पण त्या तक्त्याने देवनागरीला दिलेल्या जागा १६१ पासून पुढच्याच आहेत, म्हणजे आपल्या रेषांच्याच. ४३७ मध्ये १७९ म्हणजे उभी रेघ. इस्कीत १७९ म्हणजे क. ४३७ मध्ये १९६ म्हणजे आडवी रेघ, इस्कीत द. दोन्ही एकाच साध्या फाइलमध्ये सुखाने नांदणार नाहीत. म्हणून छापील पट्टीवर मराठी मथळे हवे असतील तर दुकानाचे नाव आणि रकान्यांची नावे असलेला कागद आधी छापखान्यातून करून घ्या, आणि प्रिंटरने फक्त आकडे व रेषा भरा.

फाइल नव्या संगणकावर नेताना

एक पडदाभर चित्र साधारण २००० बाइटचे होते, त्यामुळे १.४४ एमबीच्या फ्लॉपीत जागेची चिंता नाही. मर्यादा येते ती वेगळी: फ्लॉपीच्या मूळ डिरेक्टरीत २२४ नोंदीच मावतात. फाइली जास्त असतील तर वर्षवार उपडिरेक्टरी करा. फ्लॉपीचा भरवसा मात्र धरू नका, तिची दुसरी प्रत असू द्या.

नव्या संगणकावर नोटपॅडमध्ये ही फाइल उघडली की रेषांच्या जागी खुणा असलेला यू, दोन टिंबांचा ए, उलटे प्रश्नचिन्ह असे काहीतरी दिसते. फाइल खराब झालेली नाही, वाचणाऱ्याने तक्ता चुकीचा धरला आहे. तशीच साठवू नका. नोटपॅड++ मध्ये उघडा, एन्कोडिंग मेनूतल्या पश्चिम युरोपी संचांतून ओईएम-यूएस निवडा, रेषा जागेवर येतील. मग त्याच मेनूतून यूटीएफ-८ या आजच्या अक्षरपद्धतीत रूपांतर करून वेगळ्या नावाने साठवा. सगळ्या अक्षरांची रुंदी समान असलेला फॉन्ट लावा, नाहीतर उभ्या रेषा पुन्हा डगमगतील. मूळ फाइल आहे तशी ठेवा, कारण यूटीएफ-८ ची प्रत जुन्या एडिटमध्ये उघडली तर एकेका रेघेच्या जागी तीन-तीन परकी चिन्हे येतात आणि ७० रकान्यांची पट्टी दोनशेच्या पुढे जाते.